‘९० दिवस साखर सोडा, स्त्रीबीज नवं करा’: दाव्यातलं खरं आणि खोटं

सध्या फिरणारा मजकूर असा: ‘साखरेमुळे शरीरातली प्रथिनं करपतात, वंध्यत्वाचं मूळ तेच. ९० दिवस साखर बंद करा, स्त्रीबीज आणि शुक्राणू नवे होतील. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) नॉर्मल आलं, की नुकसान भरून निघालं. भाजलेलं बंद करा, अँटी-ग्लायकेशन गोळ्या सुरू करा.’

‘साखर खाल्ली की प्रथिनं करपतात’

प्रक्रिया खरी आहे, तिला ग्लायकेशन म्हणतात. रक्तातलं ग्लुकोज एन्झाइमच्या मदतीशिवाय प्रथिनातल्या लायसिन या घटकाला (अमिनो आम्लाला) चिकटतं. हा पहिला जोड काही तासांत होतो आणि सुटूही शकतो. पुढे दिवस-आठवड्यांत तो पक्का होतो आणि आठवडे-महिन्यांनी त्यातून ‘एजीई’ नावाची कायमची संयुगं तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली, पदार्थ भाजताना तांबूस रंग आणणारी प्रक्रिया ती हीच, फक्त शरीराच्या तापमानाला संथ चालणारी.

पण ती ठरते रक्तात ग्लुकोज किती आणि किती काळ राहतं यावर, चमच्यातल्या साखरेवर नव्हे. स्टार्चचंही ग्लुकोजच होतं. ग्लायकेशन निरोगी माणसातही चालू असतं. मधुमेहात आणि इन्सुलिन-प्रतिरोधात (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा) ते वाढतं. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाचा, पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या स्त्रियांच्या रक्तात एजीई जास्त आढळतात, सडपातळ स्त्रियांतही. म्हणजे ‘गोड खात नाही, मग मला काय होणार’ हेही चूकच. फ्रुक्टोजला (फळांतल्या साखरेला) सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांसाठी एक गंमत: वीर्यातली मुख्य साखर फ्रुक्टोजच असते आणि शुक्राणू ती इंधन म्हणून वापरतात.

‘९० दिवसांत सगळं नवं’

शुक्राणूंबाबत हे बरंचसं पटतं. वृषणात ते घडायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे एपिडिडिमिसमधून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीतून) जायला आणखी काही. त्यामुळे आज ग्लुकोज आटोक्यात आणलं, तर तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात फरक शोधणं रास्त. मात्र नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार दिसतात, डीएनएची मोडतोड दिसत नाही. मधुमेही पुरुषात अहवाल ‘नॉर्मल’ असूनही ती जास्त असू शकते.

स्त्रीबीजाचं गणित वेगळं. स्त्रीबीजं जन्मापूर्वीच तयार झालेली असतात, नवी बनत नाहीत. ओव्ह्यूलेशनआधीच्या (स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याआधीच्या) काही महिन्यांत त्यांची वाढ पूर्ण होते. त्या काळात स्त्रीबीजाभोवतालच्या, त्याला पोसणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशींना मिळणारं वातावरण सुधारता येतं, एवढाच ९० दिवसांचा अर्थ. या पेशींवर एजीई पकडणारा ‘रेज’ हा रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन) असतो. तो चेतला की दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील रेणूंचा अतिरेक) वाढतो. अंडाशयातल्या कोलॅजेन या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांमध्ये एजीईमुळे वर्षानुवर्षं पडलेले आडवे जोड मात्र पथ्याने सुटत नाहीत.

‘एचबीए१सी नॉर्मल, म्हणजे भरपाई झाली’

तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ग्लुकोज चिकटलंय, ते ही चाचणी मोजते. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा. अंडाशयाच्या कोलॅजेनबद्दल तो काही सांगत नाही. लोहाच्या कमतरतेत तो खोटा चढतो. रक्तस्राव झाला किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असल्या तर खोटा उतरतो. तरीही मधुमेह असेल, तर गर्भधारणेपूर्वी तो पाहायलाच हवा. हायपोग्लायसेमिया (रक्तातलं ग्लुकोज फार उतरणं) न होता जमलं तर ६.५ टक्क्यांच्या खाली आणावा. १० टक्क्यांच्या वर असेल, तर तो उतरेपर्यंत गर्भधारणा टाळावी, असा ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचा सल्ला आहे. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच आकार घेतात आणि तेव्हा वाढलेल्या ग्लुकोजमुळे जन्मजात दोषांचा धोका वाढतो.

‘भाजलेलं बंद, अँटी-ग्लायकेशन गोळ्या सुरू’

कोरड्या, कडक आचेवर अन्नात एजीई वाढतात. उकडल्यास किंवा वाफवल्यास कमी राहतात, आंबट रसात मुरवल्यानेही घटतात. हा बदल फुकटचा आहे, जरूर करावा. पण त्याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं, हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखूच्या धुरातूनही एजीई बनवणारी संयुगं शरीरात जातात, त्याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही! गोळ्यांचं म्हणाल, तर अमिनोग्वानिडीन हे ग्लायकेशन रोखणारं औषध मधुमेही रुग्णांवर तपासलं गेलं, पण दुष्परिणामांमुळे ते वापरात आलंच नाही.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) चालू असताना स्टार्च-साखर एकदम तोडू नका. ग्लुकोज ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरू शकतं. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल (स्त्रीचं वय ३५ किंवा अधिक असल्यास सहा महिने), तर ९० दिवसांचा प्रयोग संपायची वाट न पाहता दोघांच्याही तपासण्या सुरू करा.