हॅमिल्टन, फेरारी आणि ‘गाडीच जिंकत होती’ हा फॉरवर्ड

2025 चा फॉर्म्युला वन हंगाम संपल्यापासून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मजकूर थोडाफार बदलतो, आशय असा: लुईस हॅमिल्टन फेरारीत गेला आणि वर्षभर एकदाही पोडियमवर (म्हणजे पहिल्या तिघांत) चढला नाही. त्याच गाडीत त्याचा सहकारी शार्ल लेक्लेर सात वेळा चढला. म्हणजे आधीची सात विजेतेपदं मर्सिडीजच्या गाडीची होती. चाळिशी झाली, संपला. ‘नवीन गाडीची सवय’ हा बहाणा. चीनमध्ये तर खालची फळी घासून फसवणूक करताना पकडला गेला. फेरारीने त्याला घेतलं ते लाल टी-शर्ट विकायला.

यातले आकडे खरे आहेत, हे आधीच मान्य. लेक्लेर 242 गुण, हॅमिल्टन 156. हॅमिल्टनचा मुख्य शर्यतीतला सर्वोत्तम क्रमांक चौथा, तोही चारदा: इमोला, ऑस्ट्रिया, सिल्व्हरस्टोन, ऑस्टिन. वाईट हंगाम तो वाईटच. भानगड आहे ती या आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षांची.

‘सात विजेतेपदं मर्सिडीजच्या गाडीची’

सातपैकी पहिलं, 2008 चं, मॅक्लारेनमधलं. फेरारीच्या फेलिपे मासापेक्षा एकच गुण जास्त, 98 विरुद्ध 97. मेसेज लिहिणाऱ्याने इथेच गाळलंय.

उरलेल्या सहांत गाडी जबरदस्त होती, यात वाद नाही. 2014 मध्ये मर्सिडीजने 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. पण ती गाडी दोघांकडे असते. म्हणून ड्रायव्हर मोजायची त्यातल्या त्यात बरी पट्टी म्हणजे त्याचा सहकारी. 2007 ते 2021 या पंधरा हंगामांत हॅमिल्टनपेक्षा जास्त गुण सहकाऱ्याने दोनदाच मिळवले: 2011 मध्ये जेन्सन बटन आणि 2016 मध्ये निको रोझबर्ग. रोझबर्गचा फरक 385 विरुद्ध 380, आणि त्या वर्षी मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचं इंजिन उडालं होतं. पदार्पणाच्या 2007 मध्ये दोन वेळचा विजेता फर्नांडो आलोन्सो शेजारच्या गॅरेजमध्ये होता आणि दोघांचे गुण सारखे, 109.

आता 2022 ते 2025 पाहा. चार हंगामांत तीनदा सहकारी पुढे: 2022 आणि 2024 मध्ये जॉर्ज रसेल, 2025 मध्ये लेक्लेर. मधल्या 2023 मध्ये हॅमिल्टनने रसेलला 234 विरुद्ध 175 असं मागे टाकलं. घसरण खरी आहे, पण ती सुरू झाली मर्सिडीजमध्ये, फेरारीचा करार होण्याच्या आधीच. 2024 मध्ये मुख्य क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत, रसेल 19-5 ने पुढे होता. फेरारीने त्याला बिघडवलं असं म्हणणारे चाहतेही, थोडक्यात, तितकेच चुकतात.

2022 मध्ये बदलले ते गाड्यांचे नियम. डाउनफोर्सचा, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या हवेच्या जोराचा, मोठा वाटा गाडीच्या तळाखालच्या बोगद्यांतून येऊ लागला. त्यासाठी गाडी जमिनीलगत ठेवायची, आणि ती खालीवर होऊ नये म्हणून सस्पेन्शन कडक करायचं. चाकं 13 इंचांवरून 18 इंचांची झाली, टायरची बाजू पातळ झाली, आणि धक्के जिरवणारे इनर्टर बंद झाले. हॅमिल्टनची जुनी खासियत अशी: सगळ्यांच्या नंतर ब्रेक, पहिल्याच दाबात पूर्ण जोर, मग ब्रेक सोडता सोडता गाडी वळणात झपकन फिरवायची. या पिढीच्या गाडीत एवढा जोर दिला की नाक खाली जातं, शेपूट वर येतं, तळ आणि रस्ता यांतलं अंतर बदलतं आणि नेमकं वळायच्या क्षणी मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो. मग एक तर मागचं चाक लॉक होतं (फिरायचं थांबून घसरतं) किंवा त्या भीतीने ड्रायव्हर लवकर ब्रेक लावतो. एका कोपऱ्यात गेलेले सेकंदाचे दोन-चार शतांश लॅपभर साठले की क्वालिफाइंगमध्ये पाच-सात जागा जातात, कारण 2025 मध्ये गाड्यांच्या वेळा तेवढ्या दाटीवाटीच्या होत्या.

लांब शर्यतीत जोर तसाही आवरून लावावा लागतो, म्हणून तिथे हा दोष कमी दिसतो. इमोलात तो बाराव्या जागेवरून चौथा आला, बेल्जियममधल्या स्पाला पिट लेनमधून (गॅरेजसमोरच्या रस्त्यावरून, सगळ्यांच्या मागून) निघून सातवा.

‘गाडी तीच, सवयीचा बहाणा’

सर्वांत जास्त लाइक या वाक्याला मिळतात, आणि तांत्रिक बाजूने ते सर्वांत कच्चं आहे.

2007 ते 2024 अशा अठरा हंगामांत हॅमिल्टनने फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजशिवाय दुसऱ्या कुणाचंही इंजिन चालवलं नव्हतं. मॅक्लारेनमध्येही मर्सिडीजच होतं. इंजिन म्हणजे नुसती ताकद नव्हे. 2025 च्या गाडीत मागच्या चाकांना थांबवणाऱ्या गोष्टी तीन: कार्बनची डिस्क, बॅटरीत जास्तीत जास्त 120 किलोवॉट परत भरणारी विजेची मोटर, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाची स्वतःची ओढ, म्हणजे इंजिन ब्रेकिंग. पुढचे ब्रेक थेट पेडलच्या दाबावर चालतात. मागे मात्र कॉम्प्युटर ठरवतो, या क्षणी मोटर किती ओढतेय आणि उरलेलं डिस्कने किती भरायचं. बॅटरी भरत आली की मोटरची ओढ घटते आणि गिअर खाली आला की इंजिनाची ओढ उसळते. ही बेरीज क्षणभर चुकली की मागची चाकं लॉक. स्पाला स्प्रिंटच्या (आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीच्या) क्वालिफाइंगमध्ये शेवटच्या शिकेनपाशी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांपाशी, हॅमिल्टन असाच फिरला आणि अठरावा राहिला.

फेरारीत गाडी वळवायला इंजिन ब्रेकिंगचा भरपूर वापर होतो, आपण हे आधी कधी वापरलेलंच नाही, असं हॅमिल्टनने हंगामाच्या सुरुवातीला उघड सांगितलं होतं. त्यात ब्रेकचं सामानही वेगळं. कार्बनची डिस्क थंड असताना पकडतच नाही. साधारण 350 अंशांपासून ती नीट चावते आणि हजार अंशांच्या पुढे झपाट्याने झिजते. दोन कंपन्यांच्या डिस्कचा पहिला चावा आणि ब्रेक सोडतानाची पकड सारखी नसते. ज्याचं सगळं कसब पहिल्या दाबात आहे, त्याला हा फरक इतरांपेक्षा जास्त जाणवणार. 2013 मध्ये मर्सिडीजमध्ये आल्यावरही त्याची तक्रार ब्रेकचीच होती.

‘पण 2013 मध्ये तर लगेच जमलं!’ असा प्रतिप्रश्न येतो. त्या वर्षी हंगामाआधी बारा दिवसांची टेस्टिंग होती. 2025 मध्ये बहारीनला तीन दिवस, दोन ड्रायव्हरांत वाटून, म्हणजे वाट्याला दीड. जुन्या गाडीवर सराव करता येतो आणि त्याने जानेवारीत फेरारीच्या स्वतःच्या फिओरानो ट्रॅकवर 2023 ची गाडी चालवलीही. पण 2025 च्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन पुशरॉडवरून (ढकलणाऱ्या दांड्यावरून) पुलरॉडवर (ओढणाऱ्या दांड्यावर) गेलं होतं. जुन्या गाडीने स्टिअरिंगवरची बटणं आणि इंजिनिअरची भाषा शिकवली, ब्रेक लावताना नवं नाक कसं वागतं ते नाही.

याचा चांगला पुरावा कार्लोस साइन्झ. त्याने बरोबर उलटा प्रवास केला, फेरारीतून मर्सिडीज इंजिनच्या विल्यम्समध्ये. हंगेरीनंतर सुट्टी लागली तेव्हा त्याचे 16 गुण होते, सहकारी ॲलेक्स आल्बनचे 54. उरलेल्या दहा शर्यतींत साइन्झने 48 मिळवले आणि आल्बनने 19. बाकू आणि कतारमध्ये तो पोडियमवर होता. 2024 मध्ये मेलबर्न आणि मेक्सिको जिंकलेला माणूस सहा महिन्यांसाठी गाडी चालवायला विसरला होता, असं कुणी म्हणत नाही.

आता जे हॅमिल्टनच्या चाहत्यांना रुचणार नाही ते. सवय हेच एकमेव कारण असतं, तर त्याचाही आलेख साइन्झसारखा वर गेला असता. गेला नाही. हंगेरीपर्यंतच्या 14 शर्यतींत लेक्लेर 151, हॅमिल्टन 109, फरक 42. पुढच्या दहांत फरक आणखी 44 ने वाढला. झँडव्होर्टला भिंतीत गेला, मेक्सिकोत तिसरा सुरू करून दहा सेकंदांच्या दंडामुळे आठवा आला, सिंगापूरला शेवटच्या लॅप्समध्ये पुढचे ब्रेक गेले, लास वेगासला क्वालिफाइंगमध्ये सर्वांत मागे. फेरारीने एप्रिलअखेरीस एरोडायनॅमिक काम 2026 च्या गाडीकडे वळवलं होतं, त्यामुळे गाडी त्याच्या बाजूने सरकणार कधीच नव्हती. पण लेक्लेरलाही तीच थांबलेली गाडी होती. फरक एवढाच की तो 2019 पासून तिथे आहे आणि मागची चाकं घसरणारी गाडी त्याला चालते.

‘चीनमध्ये फसवणूक’

गाडीच्या पोटाखाली एक फळी असते. नवी असताना 10 मिलिमीटर, आणि शर्यतीनंतर ठरलेल्या जागी मोजली तर किमान 9 भरली पाहिजे. गाडी फार खाली ठेवून कुणी फायदा उकळू नये, यासाठीच ती. शांघायला हॅमिल्टनच्या गाडीची फळी 8.5 ते 8.6 भरली आणि सहावा क्रमांक गेला. त्याच दिवशी पाचवा आलेला लेक्लेरही बाद झाला, कारण गाडी 800 ऐवजी 799 किलो भरली. मेसेजमध्ये हे अर्थातच नाही.

हे होतं कसं? स्प्रिंटच्या आठवड्यात सरावाचा तास एकच. पूर्ण टाकी भरून गाडी किती बसेल आणि फळी किती घासेल, याचा अंदाज त्या तासावर आणि स्प्रिंटवर बांधायचा. अंदाज अर्ध्या मिलिमीटरने चुकला. झीज मोजण्यात थोडी चूक झाली, असं फेरारीने त्याच दिवशी मान्य केलं. ही उंची ड्रायव्हर बसल्या जागी बदलत नाही, टीम ठरवते. वर्षअखेरीस लास वेगासला मॅक्लारेनच्या नॉरिस आणि पियास्ट्री या दोघांच्याही गाड्या याच फळीवरून बाद झाल्या. नॉरिस तरी विश्वविजेता झालाच.

आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर हॅमिल्टनने स्प्रिंट पोलवरून (सर्वांत पुढच्या जागेवरून) जिंकली होती, हेही जाता जाता.

‘चाळिशी झाली, संपला’

जुलै 1981 चा आलोन्सो 2025 मध्ये ॲस्टन मार्टिनमधून 56 गुण घेऊन दहावा आला आणि मुख्य क्वालिफाइंगमध्ये सहकारी लान्स स्ट्रोलच्या 24-0 ने पुढे राहिला. स्ट्रोल ही काही कडक मोजपट्टी नाही, हे खरं. तरी वय हा मुद्दा एका ओळीत निकाली काढण्यासारखा नाही, दोन्ही बाजूंनी. हॅमिल्टनची मुख्य शर्यतीची शेवटची पोल जुलै 2023 मधली, हंगेरीची. ती वयाने थांबली की गाड्यांच्या या पिढीने, हे 2025 च्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

टी-शर्टचं म्हणाल तर विकले असतीलच. पण करार जाहीर झाला 1 फेब्रुवारी 2024 ला, तेव्हा फेरारीचा हिशेब टीमच्या विजेतेपदाचा होता. त्याच वर्षी ते मॅक्लारेनच्या 14 गुण मागे राहिले, 652 विरुद्ध 666.

2026 च्या नियमांत तळाचे ते बोगदे गेले आणि गाडीचं किमान वजन 768 किलोवर आलं. कारण गाड्यांची पिढी असेल, तर सहकाऱ्याशी क्वालिफाइंगचा फरक आता कमी व्हायला हवा. टेस्टिंगचे दिवसही तिनाचे नऊ झाले, म्हणजे सवयीचं कारण पुढे करायला जागा कमी. मात्र विजेची मोटर 120 वरून 350 किलोवॉटची झाली आहे. मागच्या ब्रेकचं काम पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कॉम्प्युटरच्या हातात गेलं, आणि हॅमिल्टनचं दुखणं तर नेमकं तिथेच होतं.