तर हलली की धक्का हलला

ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे मानलेले माध्यम, हे शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षे पोसलेले भूत होते आणि आइन्स्टाईनने ते एका झटक्यात उतरवले, असे आमच्या वायरमनने जयगडच्या धक्क्याजवळच्या कट्ट्यावर जाहीर केले, तेव्हा फेरीबोट तवसाळकडे निघण्याच्या तयारीत होती. निमित्त त्याच्या मोबाइलवर आलेल्या तीन मिनिटांच्या एका चित्रफितीचे होते. मास्तरांनी अर्धा भरलेला चहाचा ग्लास खाली ठेवला, आणि त्यांनी तो तसा ठेवला की वाद लांबणार हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. कट्ट्यावर आम्ही पाच जण होतो: निवृत्तीपर्यंत विज्ञान शिकवलेले मास्तर, वायरमन, मच्छीमारीत आयुष्य घालवलेले तांडेलकाका, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारी आणि सुट्टीला गावी आलेली मास्तरांची पुतणी, आणि हे लिहून काढणारा मी. बोलणे अर्थातच आमच्या बोलीत झाले. येथे ते प्रमाण मराठीत मांडले आहे.

"भूत होते म्हणतोस, तर ते कोणत्या झाडावर आणि का बसवावे लागले एवढे तरी विचार," असे म्हणून मास्तरांनी फेरीबोटीकडे बोट दाखवले. तर, म्हणजे ही फेरीबोट, संथपणे निघाली की आत गाडीत बसलेल्या माणसाला क्षणभर धक्काच मागे सरकल्यासारखा वाटतो, हे आम्हां सर्वांनी अनुभवलेले आहे. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास नेमका हाच दाखला दिला होता: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. वायरमन लगेच म्हणाला, "म्हणजे सापेक्षता आपलीच!" मास्तरांनी त्याला तेथेच थांबवले. त्यांच्या मते आर्यभटाचा दाखला डोळ्याला काय दिसते याविषयीचा आहे आणि तो पृथ्वीच्या परिवलनासाठी वापरला आहे. तेवढे श्रेय पुष्कळ मोठे आहे, त्याला आणखी शेपूट जोडण्याची गरज नाही. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले.

गॅलिलिओने 1632 मध्ये मांडलेला मुद्दा याहून कडक होता. जहाजाच्या तळघरातल्या बंद खोलीत फुलपाखरे, भांड्यातले मासे आणि थेंब थेंब गळणारे पाणी घेऊन बसावे. जहाज एकसारख्या गतीने, न हेलकावता चालले असेल तर यांपैकी कशावरूनही ते चालले आहे की उभे आहे हे सांगता येणार नाही. तांडेलकाकांनी हेलकावे न घेणारे जहाज आपण अजून पाहिलेले नाही अशी रास्त हरकत घेतली, परंतु तत्त्व त्यांना मान्य होते. न्यूटनचे 1687 चे गतिनियमही हे तत्त्व पाळतात. तरीसुद्धा न्यूटनने सर्वांच्या मागे एक निरपेक्ष, अचल अवकाश गृहीत धरले. त्याच्या यंत्रशास्त्राला त्या अवकाशातला वेग कधी मोजावा लागला नाही, म्हणून ती अडचण झाकलेली राहिली. ती उघडी पाडली प्रकाशाने.

प्रकाशाला वेग आहे हेच मुळात 1676 पर्यंत निश्चित नव्हते. त्या वर्षी रोमरने गुरूच्या आयो या उपग्रहाची ग्रहणे पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना उशिरा होतात हे दाखवून, पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला सुमारे 22 मिनिटे लागतात असा अंदाज दिला. खरा आकडा सोळा-सतरा मिनिटांचा आहे. पुढे प्रकाश म्हणजे न्यूटनचे कण की हायगेन्सच्या लहरी हा वाद बराच काळ चालला, पण आमच्या कट्ट्यावर तो चालला नाही, कारण तांडेलकाकांना ब्रॅडलीची गोष्ट ऐकायची होती.

ब्रॅडली हा इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ कालेय नक्षत्रातल्या एका ताऱ्याची जागा वर्षभर सूक्ष्मपणे सरकत असल्याचे पाहून बुचकळ्यात पडला होता. थेम्स नदीत होडीतून जाताना होडीने दिशा बदलली की डोलकाठीवरचा बावटाही दिशा बदलतो, वारा मात्र तोच असतो, हे पाहून त्याला उलगडा झाला असे सांगतात. तांडेलकाका म्हणाले, "त्यासाठी नदीवर कशाला जायला हवे? चालत्या होडीचा बावटा खरा वारा दाखवत नाही, होडीचा वेग मिसळलेला वारा दाखवतो, हे आमच्या खलाशाच्या पोरालाही कळते." ब्रॅडलीने 1728 मध्ये हेच ताऱ्याच्या प्रकाशाला लावले. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर धावते, म्हणून येणारा प्रकाश कमाल 20 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) कललेला दिसतो, जसा सरळ पडणारा पाऊसही दुचाकीवरच्या माणसाच्या तोंडावर येतो. याला विपथन म्हणतात.

येथपर्यंत सारे सोपे होते. 1801 नंतर यंगने व्यतिकरणाचे, म्हणजे दोन वाटांनी आलेला प्रकाश एकत्र मिसळून उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटवण्याचे, प्रयोग मांडले, फ्रेनेलने त्यांना गणित दिले आणि प्रकाश म्हणजे लहरी हे मत रुजले. याच फ्रेनेलने दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांची भिंगे रचली आणि 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ती प्रथम उजळली, हे मास्तरांनी समोरच्या दीपगृहाकडे पाहत सांगितले. परंतु लहर म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे: समुद्राची लाट पाण्यात, आवाज हवेत, तर ताऱ्याचा प्रकाश कशात? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ईथर. वायरमनचे भूत बसले ते या झाडावर.

"आणि ते सोयीचे भूत नव्हते," पुतणी म्हणाली. ध्रुवीकरणाच्या प्रयोगांनी प्रकाशाच्या लहरी अवतरंग आहेत, म्हणजे त्या प्रवासाच्या दिशेला आडव्या कंप पावतात, असे दाखवले होते आणि असे तरंग द्रवाच्या किंवा वायूच्या पोटातून जात नाहीत, त्यांना घन पदार्थाचा ताठपणा लागतो. मग पृथ्वीसारखा गोळा त्या ताठ पदार्थातून अडथळ्याविना कसा फिरतो? स्टोक्सने 1845 मध्ये सुचवले की काही पदार्थ झटपट कंपनांना घनासारखे आणि संथ हालचालीला द्रवासारखे वागतात. वायरमनला हे हास्यास्पद वाटले, पण तांडेलकाकांना वाटले नाही. होडीच्या फटी बुजवायला वापरतात त्या राळेच्या मिश्रणावर हातोडी मारली तर ते तडकते आणि उन्हात ठेवले तर हळूहळू पसरते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. माझ्या मते ईथरवाल्यांच्या बाजूने त्या संध्याकाळी केलेला हा सर्वांत चांगला युक्तिवाद होता, आणि तो आमच्यापैकी शाळा सर्वांत कमी शिकलेल्या माणसाने केला.

खरा पेच वेगळाच होता. पृथ्वी ईथरमधून जाताना त्याला सोबत ओढते की नाही? विपथनावरून तर असे दिसत होते की ईथर जागच्या जागी राहतो. यंगच्या शब्दांत तो पदार्थांमधून झाडांच्या राईतून जाणाऱ्या वाऱ्यासारखा आरपार जातो. तसे असेल तर काचेतून जाणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशावर पृथ्वीच्या गतीचा परिणाम दिसायला हवा, पण आरागोने 1810 मध्ये लोलक लावून पाहिले तेव्हा तो दिसला नाही. फ्रेनेलने 1818 मध्ये तोड काढली, की पारदर्शक पदार्थ ईथरला पूर्ण नाही, फक्त अंशतः ओढतो. ही पळवाट वाटते खरी, परंतु 1851 मध्ये फिझोने वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडला तेव्हा पाण्याच्या वेगाचा जेवढा अंश फ्रेनेलने सांगितला होता, म्हणजे सुमारे 44 टक्के, जवळपास तेवढाच प्रकाशाला मिळालेला आढळला. भुताने अशी नेमकी भाकिते करावीत, याचे उत्तर वायरमनकडे नव्हते. त्याने फक्त चहा मागवला.

विजेचा विषय निघाल्यावर मात्र तो सावरून बसला. ओर्स्टेडने 1820 मध्ये तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलवली आणि फॅरडेने 1831 मध्ये चुंबक हलवून तारेत प्रवाह निर्माण केला. यातले दुसरे तर वायरमनच्या पोटापाण्याचेच आहे. फॅरडेला उच्च गणित येत नव्हते, पण चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसून बलरेषांनी भरलेली आहे हे त्याला लोखंडाच्या किसात दिसले. मॅक्सवेलने त्या रेषांना समीकरणे दिली. येथे मास्तरांचा आवाज चढला, कारण ही त्यांची आवडती कथा आहे. 1861 च्या उन्हाळ्यात मॅक्सवेल स्कॉटलंडमध्ये आपल्या गावी गेला होता. ईथरमध्ये फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामधल्या बारीक गोट्या अशी एक यांत्रिक कल्पना करून त्याने त्यातल्या लहरींच्या वेगाचे सूत्र मांडले, पण त्यात घालायचा आकडा गावी उपलब्ध नव्हता. लंडनला परतल्यावर त्याने वेबर आणि कोलराउश यांनी 1856 मध्ये केलेले मोजमाप पाहिले. ते मोजमाप निव्वळ विजेचे आणि चुंबकत्वाचे होते, त्यात प्रकाशाचा किरणही नव्हता. त्यावरून वेग आला सेकंदाला 3,10,740 किलोमीटर. आणि फिझोने दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेग मॅक्सवेलपुढे होता 3,14,858 किलोमीटर. प्रकाश हीच विद्युत्-चुंबकीय लहर आहे, हा निष्कर्ष टाळणे त्याला शक्य नव्हते. हर्ट्झने 1888 पर्यंत अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या, आणि 1890 च्या दशकात जगदीशचंद्र बोस कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते.

"आता सांग," मास्तर वायरमनला म्हणाले, "हा जो वेग समीकरणातून निघाला, तो कशाच्या सापेक्ष?" तर तिच्या इंजिनाने खाडीच्या पाण्याच्या सापेक्ष चालते, धक्क्याच्या नाही. समीकरणात एकच वेग येतो आणि तो कोणाच्या दृष्टीने हे लिहिलेले नसते. त्या काळी त्याचे उत्तर उघड होते: ईथरच्या सापेक्ष. म्हणजे गॅलिलिओच्या बंद खोलीत फुलपाखरांनी जे सांगितले नाही ते दिव्याच्या प्रकाशाने सांगायला हवे होते.

पृथ्वीचा ईथरमधला वेग दोन दिशांना धाडलेल्या प्रकाशाने मोजू पाहणारा मायकेलसनचा प्रयोग आम्ही शास्त्री नदीच्या मुखावरच लावून पाहिला: प्रकाशाच्या जागी होडी, ईथरच्या जागी पाणी. होडी स्थिर पाण्यात ताशी 5 किलोमीटर चालते आणि ओहोटीची ओढ ताशी 3 किलोमीटर आहे असे धरू. एक किलोमीटर ओढीविरुद्ध जाऊन ओढीबरोबर परत यायला साडेसदतीस मिनिटे लागतात. तेवढेच अंतर आडवे ओलांडून परत यायचे तर होडीची नाळ, म्हणजे पुढची बाजू, ओढीविरुद्ध तिरकी धरावी लागते, पण वेळ लागतो 30 मिनिटे. स्थिर पाण्यात दोन्ही फेऱ्या 24 मिनिटांच्या. तांडेलकाकांनी आकडेमोड न करता आडवी फेरी आधी परतेल हे सांगितले होते. प्रकाशाच्या बाबतीत मात्र हा फरक दहा कोटींत एका भागाच्या आसपास येतो, आणि मॅक्सवेलने 1879 च्या एका पत्रात तो मोजण्याच्या पलीकडचा मानला होता. मायकेलसनने 1881 मध्ये प्रयत्न केला. बर्लिनच्या रहदारीने यंत्र थरथरे म्हणून त्याला ते पॉट्सडॅमला न्यावे लागले. 1887 मध्ये क्लीव्हलंडला मोर्लीबरोबर त्याने पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे मांडून प्रकाशाचा मार्ग 11 मीटर केला. यंत्र फिरवल्यावर व्यतिकरणाच्या पट्ट्यांचे सरकणे एका पट्टीच्या 0.4 इतके अपेक्षित होते. आढळले ते त्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी.

"झाले! उतरले भूत," वायरमन म्हणाला. काका-पुतणीचा खरा वाद येथे सुरू झाला. मास्तरांचे म्हणणे असे, की त्या प्रयोगाने कोणीही ईथर सोडला नाही. फिट्झजेराल्डने 1889 मध्ये आणि लॉरेंट्झने 1892 मध्ये सुचवले की ईथरमधून जाणारी वस्तू गतीच्या दिशेने किंचित आखडते. लॉरेंट्झने पुढे हलत्या वस्तूसाठी वेगळा धरलेला 'स्थानिक काळ' आणला आणि 1904 पर्यंत आज आपण वापरतो ती रूपांतरणे, म्हणजे एका निरीक्षकाची मोजमापे दुसऱ्याच्या मोजमापांत बदलणारी सूत्रे, जवळजवळ पूर्ण केली. पॉइन्कारेने 1898 मध्येच दोन ठिकाणच्या घटना एकाच वेळी घडल्या हे आपल्याला थेट कळत नाही असे लिहिले आणि 1904 मध्ये सापेक्षतेचे तत्त्व नाव घेऊन मांडले. "घर बांधून झाले होते, आइन्स्टाईनने गृहप्रवेश केला," असे मास्तर म्हणाले.

पुतणीने हे मान्य केले नाही. "काका, लॉरेंट्झच्या दृष्टीने स्थानिक काळ ही गणितातली सोय होती, खरा काळ ईथरमध्ये स्थिर असलेल्या घड्याळाचाच. घर बांधले होते, पण पाया ठेवायचा की काढायचा हे त्यांना ठरवता येत नव्हते." तिने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला नवी होती: आइन्स्टाईनने उतारवयात सांगितले होते की त्याच्यावर मायकेलसनच्या प्रयोगापेक्षा विपथनाचा आणि फिझोच्या पाण्याचा प्रभाव अधिक होता, आणि ते पुरेसे होते. शिवाय 1905 चा त्याचा लेख सुरू होतो तो चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यापासून.

वायरमनने मान वर केली. "म्हणजे कसे?" पुतणीने सांगितले, की चुंबक हलवला आणि वेटोळे स्थिर ठेवले तर जुन्या सिद्धांताप्रमाणे चुंबकाभोवती विद्युत् क्षेत्र निर्माण होते आणि ते प्रवाह वाहवते, वेटोळे हलवले आणि चुंबक स्थिर ठेवला तर असे क्षेत्र कोठेही नसते, हलत्या तारेतल्या विद्युत् भारावर चुंबकीय बल येते. वायरमन काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की सायकलच्या डायनामोत चुंबक फिरतो आणि वेटोळे बसलेले असते, जुन्या मोटारगाड्यांच्या डायनामोत वेटोळे फिरते. त्याच्या मीटरला यातला फरक कधी कळलेला नाही. "वीज एक आणि कारणे दोन, हे कसे चालेल? एकमेकांपासून किती वेगाने हलतात तेवढेच मोजायला हवे."

"लेखाचा पहिला परिच्छेद हाच आहे," पुतणी म्हणाली. मास्तरांनी लॉरेंट्झची बाजू सोडली नाही. 1928 मध्ये मृत्यू येईपर्यंत लॉरेंट्झने नव्या सिद्धांताचे मोठेपण मान्य केले आणि तरीही ईथर पूर्णपणे टाकला नाही, हे त्यांनी त्याच्या सचोटीचे उदाहरण म्हणून सांगितले. पुतणीने तेच वाक्य आपल्या मुद्द्याचा पुरावा म्हणून उचलले.

वायरमन दोघांकडे पाहत होता. "1905 नंतर आणखी तेवीस वर्षे," तो म्हणाला, "आणि तेही रूपांतरणे ज्याच्या नावाची आहेत त्याच्याच घरात? मग एका झटक्यात उतरले असे मी कुठे म्हणालो?" त्याने मोबाइल काढून ती चित्रफीत पुसून टाकली.