मांजरीच्या हातात नाणं नाही

टोकियोहून परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "शिबुयाचा तो चौक पाहिलास का? फुजी दिसला का?" चौक पाहिला, पर्स पोटाशी धरून. फुजीही दिसला, आणि तोसुद्धा फुकट, त्याचं पुढे सांगते. पण अकरा दिवसांतले आठ दिवस मी सेतागाया नावाच्या एका वॉर्डात काढले. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "म्हणजे फिरलीच नाहीस की गं!"

म्हणून हे लांबलचक लिहायला बसले आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं, रागावणार नाही.

सेतागाया हा टोकियोच्या 23 विशेष वॉर्डांमधला सर्वांत जास्त लोकवस्तीचा वॉर्ड. 58 चौरस किलोमीटरमध्ये नऊ लाखांहून जास्त माणसं. आकडा ऐकून डोळ्यांपुढे जे येतं ते आधी पुसून टाका. इथे बहुतेक ठिकाणी दुमजली घरं, दारात ओळीने कुंड्या, गच्चीत वाळत घातलेल्या गाद्या, आणि बोळ इतके चिंचोळे की सामान पोचवणारी छोटी गाडी आली की आपण कुणाच्या तरी कुंपणाला पाठ लावून उभं राहायचं. माझा भाचा तिथे चार वर्षं राहतो. मी गेले ती त्याच्या मुलाला भेटायला. वॉर्ड पाहायला काही गेले नव्हते.

पहिल्याच दिवशी प्रेमात पडले ती सेतागाया लाइनच्या. तिला ट्राम म्हणावं की आगगाडी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दोन डबे, दहा स्टेशनं, पाच किलोमीटर. कुठेही चढा, कुठेही उतरा, 160 येन. लोकांच्या मागच्या अंगणातून जाते म्हटलं तरी चालेल; खिडकीतून कुणाच्या स्वयंपाकघरातलं भांड्यांचं मांडणं दिसतं. वाकाबायाशीजवळ एक मोठा हमरस्ता आडवा येतो. आता रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात तिथे काय होतं? फाटक पडतं, गाड्या थांबतात, रेल्वे ऐटीत निघून जाते. इथे उलट. फाटक नाहीच. सिग्नल लाल झाला की आगगाडी थांबते आणि मोटारी जातात. मी तिसऱ्या दिवशी मुद्दाम तिथे उतरून वीस मिनिटं हे पाहत उभी होते. भाचा म्हणाला, "मावशी, लोक इथे मांजरं बघायला येतात, तू सिग्नल बघत्येस."

तर मांजरं.

मियानोसाका स्टेशनवरून पाच मिनिटांवर गोतोकुजी हे झेन पंथाचं बौद्ध मंदिर आहे. पंजा वर करून बोलावणारी जी पांढरी मांजर दुकानात गल्ल्यापाशी बसलेली असते, ती मुळात आमच्या इथलीच असं म्हणणाऱ्या जागा जपानात एकाहून जास्त आहेत. त्यातली ही एक. गोष्ट अशी सांगतात: सतराव्या शतकात हिकोनेचा सरदार ई नाओताका शिकारीहून परतताना या तेव्हाच्या मोडक्या मंदिरावरून जात होता. दारात बसलेल्या मांजरीने पंजा हलवून त्याला आत बोलावलं. तो आत गेला आणि बाहेर वादळ कोसळलं. खूश होऊन त्याने मंदिराला आश्रय दिला, आणि ते ई घराण्याचं कुलमंदिर झालं. मंदिराचं आजचं नाव त्याच्याच मरणोत्तर नावावरून पडलं आहे.

मागच्या बाजूला फळ्यांवर या मांजरींची नुसती दाटी आहे. अंगठ्याएवढीपासून गुडघ्याएवढीपर्यंत. लोक विकत घेतात, मनात काहीतरी मागतात, घरी नेतात, काम झालं की परत आणून ठेवतात. काही जण तिथेच ठेवून जातात. जवळून पाहिलं तर जुन्या मांजरींच्या कानांवरचा लाल रंग पावसाने उडालेला दिसतो, आणि मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींच्या पायाशी बारीक शेवाळ धरलेलं.

या सगळ्या उजवा पंजा वर करतात आणि एकीच्याही हातात नाणं नाही. दुकानातल्या मांजरीकडे सोन्याचं नाणं असतं, इथे नाही. मंदिराचं म्हणणं असं की मांजर दैव देत नाही, फक्त संधी आणून देते; पुढचं तुमचं तुम्ही बघा. नवसाची एवढी स्पष्ट अट आधीच सांगणारं देवस्थान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

माझी कुरकूर आहे ती वेगळीच. मी गेले त्या सकाळी मांजरींच्या फळ्यांपुढे फोटोसाठी रांग होती. तिथून थोड्याच अंतरावर ई घराण्याची दफनभूमी आहे, आणि तिथे मी आणि एक झाडूवाले आजोबा, बस. त्या दफनभूमीत ई नाओसुकेची कबर आहे. हा 1858 साली तैरो झाला, म्हणजे शोगुनच्या (सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या सेनापतीच्या) कारभारातलं सर्वांत वरचं पद. (पेशवा म्हणावं असं जिभेवर येतं, पण नको, इतिहासवाले मैत्रयादीत आहेत.) त्याच वर्षी त्याने सम्राटाच्या संमतीवाचून अमेरिकेशी व्यापाराचा तह केला, आणि विरोध करणाऱ्यांना पकडून पकडून शिक्षा दिल्या. त्यात योशिदा शोइन नावाचा एक शिक्षक होता. 1854 साली पेरी या अमेरिकी आरमारी अधिकाऱ्याच्या जहाजावर चोरून चढून परदेशी जायचा त्याचा प्रयत्न फसला होता. 1859 च्या नोव्हेंबरात त्याचं डोकं उडवलं गेलं. वय 29. आणि चार महिन्यांनी, 1860 च्या मार्चमध्ये, एदोच्या (म्हणजे तेव्हाच्या टोकियोच्या) किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर बर्फ पडत असताना नाओसुकेचाही खून झाला.

आता गंमत ऐका. ज्याला मारलं त्या शोइनची समाधी कुठे आहे? त्याच ट्रामच्या मार्गावर. मियानोसाकावरून तिसरं स्टेशन, शोइन-जिंजा-माए. 1863 मध्ये त्याच्या शिष्यांनी त्याचे अवशेष या जागी आणून पुरले. 1882 मध्ये इथे शिंतो (जपानचा मूळचा धर्म) देवस्थान उभं राहिलं आणि मास्तर देव झाले. त्या शिष्यांतला इतो हिरोबुमी पुढे 1885 साली जपानचा पहिला पंतप्रधान झाला. आवारात शोइनच्या शाळेची प्रतिकृती आहे, लाकडी, बुटकी. मी गेले तेव्हा दोन शाळकरी मुली पुढे उभ्या राहून टाळी वाजवून नमस्कार करत होत्या. परीक्षेचे दिवस. सगळीकडचे विद्यार्थी सारखेच.

मारणारा आणि मेलेला, चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या अंतरावर, 160 येनच्या एका तिकिटात. हेच दुसऱ्या कुठल्या शहरात असतं तर 'वैऱ्यांची वाट' नावाने एक पाटी, तिकीटखिडकी आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू झाला असता. इथे मला तरी तसलं काही दिसलं नाही. दोन्ही ठिकाणी लोक आपापल्या देवाला येतात आणि परतताना पाव घेऊन घरी जातात. मला हे फार आवडलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. भाचा चार वर्षं तिथे राहतो आणि त्याला हे माहीत नव्हतं.

बागांबद्दल लिहायचं तर एकाच बागेबद्दल लिहीन. मोठ्या बागा आहेत, 1964 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं कोमाझावा आहे, छान आहे, पुढे जाऊ. हानेगी पार्कात साडेसहाशेच्या आसपास उमेची (जपानी आलुबुखाराची) झाडं आहेत आणि मी गेले तेव्हा ती पांढरी-गुलाबी फुलली होती. लोक वर बघत चालत होते. माझा नातू मात्र माझा हात ओढत कोपऱ्यातल्या एका उकिरड्याकडे घेऊन गेला.

मला तो उकिरडाच वाटला. फळ्या, टायर, दोरखंड, चिखल, मधोमध पेटलेली चूल. दहाएक मुलं करवत चालवताहेत, एक जण छपरावर. मी ओरडणारच होते. हे खेळाचं मैदान आहे! 1979 पासून चालू आहे, कायम चालणारं अशा प्रकारचं जपानातलं पहिलं. शेजारपाजारच्या आईवडिलांनी सुरू केलेल्या धडपडीतून उभं राहिलेलं, वॉर्डाच्या मदतीने चालणारं. तिथली पाटी भाच्याने वाचून दाखवली. मथितार्थ असा की आपल्या जबाबदारीवर मोकळेपणाने खेळा. सहा वर्षांच्या पोराने हातोडी उचलली, खिळा धरला, आणि दुसऱ्याच फटक्याला बोटावर मारून घेतली. रडला. लक्ष ठेवणारा एक तरुण आला, बोट पाहिलं, काहीतरी म्हणाला आणि हातोडी परत त्याच्याच हातात दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशीआजी, तू धर खिळा," असं मला सांगण्यात आलं. मी धरला. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

आता दुकानं. शिमोकिताझावा हा जुन्या कपड्यांचा आणि छोट्या नाट्यगृहांचा भाग. तिथलं होंदा नाट्यगृह 1982 पासून आहे. जुने कपडे म्हणजे बोहारणीकडचे नव्हेत. इथे दुसऱ्याने वापरलेलं जाकीट नव्याहून महाग मिळू शकतं. मला त्यात फारशी गती नाही. पण 2013 साली तिथून जाणारी ओदाक्यू रेल्वे जमिनीखाली गेली, वरची रुळांची लांब पट्टी मोकळी झाली, आणि त्या जागेचं जे केलंय ते बघा. पावणेदोन किलोमीटरची चालायची वाट, कडेने झाडं, बाकं, आणि मध्ये 2020 साली उघडलेला बोनस ट्रॅक नावाचा भाग. खाली दुकान, वर राहायची जागा, अशी लहान लहान घरं. छोट्या दुकानदारांना परवडावं असं मनात धरून आखलेली. एक पुस्तकांचं दुकान, जिथे हातात बीअर घेऊन पुस्तकं चाळता येतात. एक दुकान फक्त आंबवलेल्या पदार्थांचं: मिसो, सोया, लोणची, व्हिनेगर. लोणच्यांत वाढलेल्या बाईला तिथून बाहेर काढायला भाच्याला पाऊण तास लागला. आणि एक दुकान फक्त रोजनिश्यांचं. कोऱ्या वह्या नव्हेत. लिहिलेल्या, छापलेल्या, कुणाकुणाच्या रोजनिश्या.

गमतीची दुकानं कुठल्याही शहरात असतात. ती टिकतात की नाही हे भाडं ठरवतं, मालकाची हौस नाही. रुळांच्या त्या पट्टीवर बहुमजली मॉल सहज बसला असता.

फुजीचं राहिलं. सानगेनजायाला (नावाचा अर्थ तीन चहाघरं) गाजराच्या रंगाची एक इमारत आहे, तिचं नावही कॅरट टॉवर. 26 व्या मजल्यावरून पाहायला पैसे पडत नाहीत. सकाळी लवकर हवा स्वच्छ असताना गेलो, आणि छपरांच्या अथांग पसाऱ्यापलीकडे तो पांढरा त्रिकोण. शेजारी एक आजी नातवाला काहीतरी दाखवत होत्या. मला वाटलं फुजी. भाचा म्हणाला, नाही, त्यांचं घर शोधताहेत.

एक कबुलीही द्यायची आहे. गोतोकुजीवरून परतताना एका घरापुढे जुन्या चहाच्या किटल्यांमध्ये लावलेली रोपं दिसली. सात किटल्या, प्रत्येकीला वेगळं झाकण. मी वाकून चांगले चार-पाच फोटो काढले, फाटकाच्या आत मान घालून. मान वर केली तर खिडकीत एक गृहस्थ, हातात टूथब्रश. ते रागावले नाहीत. त्यांनी हळूच पडदा ओढून घेतला. त्या पडद्याच्या आवाजाने मला जेवढी लाज वाटली तेवढी कुणी ओरडलं असतं तर वाटली नसती. फोटो खोडून टाकले. त्यामुळे या पोस्टसोबत किटल्या नाहीत.

अशा जागांना आपल्यातले हौशी लोक 'अजून कुणाला माहीत नसलेलं टोकियो' म्हणतात. अहो, नऊ लाख लोकांना माहीत आहे! ते तिथे कपडे वाळत घालतात. मला सेतागाया आवडलं कारण ते माझ्यासाठी मांडलेलं नव्हतं. आणि मी इथे त्याचं एवढं कौतुक करून नेमकं त्याच्या उलट काम करते आहे, हेही कळतंय. जाणार असाल तर जा. दोघं-तिघं जा, ट्राममध्ये हळू बोला, मांजरी पाहिल्यात तर दहा मिनिटं त्या कबरींकडेही जा. फाटकाच्या आत मान घालू नका.

रोजनिश्यांच्या दुकानातून मी एक पातळसं पुस्तक घेतलं. जपानीचं अक्षर येत नाही, तरी घेतलं. मुखपृष्ठावर छत्रीचं चित्र होतं. परतायच्या आदल्या रात्री भाच्याला म्हटलं, वाचून दाखव. कुणी एक बाई, एकटी राहणारी. पाऊस आला म्हणून कपडे आत घेतले. मुळा महाग झालाय. दुपारी झोप लागली. तीन पानं झाल्यावर तो थांबला. "मावशी, यात काही घडतच नाहीये."

"वाच तू," म्हटलं.