हाताची घडी, तोंडावर बोट… पुरे आता!

आज तोच व्हिडिओ पुन्हा चार जणांनी पाठवला. पहिलीचा वर्ग, हाताची घडी, तोंडावर बोट, खाली कौतुकाचा पूर: 'काय शिस्त!' तिसऱ्या बाकावरच्या पोराकडे पाहिलंत का कुणी? दप्तर पाठीवरच, खांदे कानापर्यंत चढलेले. शांत कसलं, घाबरलंय ते!

घरची घाई, रडारड, अर्धी झोप असं सगळं घेऊन मूल वर्गात येतं. त्याला स्थिरावायला आठ-दहा मिनिटं द्या की. दारात उभं राहून नावानं हाक मारा. मग रोज त्याच क्रमानं तीन कामं: दप्तर जागेवर, बाटली बाहेर, गृहपाठाची वही टोपलीत. हा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा, म्हणजे 'बाई, आता काय करू?' आपोआप कमी होतं. सगळी येईपर्यंत बाकावर सूचना न लागणारं काही हवं. चित्र, ठोकळे, काहीही. दंगा बहुतेक रिकाम्या हातांचाच असतो.

मग घंटी, एकदाच. आवाज पुरता विरला असं वाटलं की ज्यानं त्यानं बोट वर करायचं. त्यानंतर श्वास: तीन आकडे घेताना, पाच सोडताना, असं पाच वेळा. सोडणं लांब हवं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. 'जोरात मोठ्ठा श्वास घ्या' म्हणालात की पोरं भात्यासारखी फुसफुसतात आणि एखाद्याला गरगरतं. डोळे मिटायची सक्ती नको. काहींना भीती वाटते. त्यांनी बाकावरच्या एका ठिपक्याकडे पाहावं.

पट साठचा असेल तर दारात प्रत्येकाशी बोलणं होत नाही, मान्य. पण त्या पोराला 'दप्तर उतरव रे' एवढंही कुणी म्हणू नये?

आणि मुलं श्वास मोजत असताना बाईंनी मोबाइलवर हजेरी भरायची नाही! मुलं तुमच्याकडेच बघत असतात.

पहिले दोन-तीन आठवडे हे सगळं शिकवावंच लागतं, पाढ्यांइतकं. दिवाळीसारख्या मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. रोज नवा प्रयोग नको. 'गप्प बसत नाही ना, मग कर श्वास' अशी शिक्षा तर मुळीच नको. एकदा तसं केलंत की ते श्वासही नकोसे होतात.

उशिरा आलेल्याला गुपचूप बसू द्या. 'उशीर का झाला?' हे पालकांना विचारा. सहा वर्षांचं पोर घरातला गजर लावत नाही.