झांग यिमौ आणि त्याची हट्टी माणसं

नमस्कार,

चिनी चित्रपट दिग्दर्शक झांग यिमौवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की त्याला स्वतःची शैलीच नाही. कधी खेड्यातली गोष्ट, कधी तलवारबाजी, कधी हेरपट. वारा येईल तशी पाठ फिरवणारा माणूस. आणि 'हीरो' या चित्रपटापासून तर तो सत्तेच्या दावणीलाच बांधला गेला. यातला दुसरा आरोप मला झटकता येत नाही. पहिला मात्र अजिबात पटत नाही.

'द स्टोरी ऑफ छिउ जू' (१९९२) पुन्हा पाहा. गावच्या प्रमुखाने नवऱ्याला नको त्या जागी लाथ मारली. पोटुशी छिउ जू भरपाईचे पैसे घेऊन गप्प बसत नाही. त्याने चूक कबूल करावी, एवढंच तिला हवंय. त्यासाठी ती मिरच्या विकून वाटखर्च उभा करते आणि थेट शहरापर्यंत खेटे घालते. रस्त्यावरची गर्दी छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली, आणि त्या गर्दीत छिउ जू झालेली गाँग लीसारखी तारका ओळखूही येत नाही! 'नॉट वन लेस'मध्ये (१९९९) शहरात गेलेल्या एका विद्यार्थ्यासाठी तेरा वर्षांची बदली शिक्षिका टीव्ही केंद्राच्या फाटकाशी ताटकळते. 'वन सेकंड'मधला श्रमछावणीतून पळालेला कैदी बातमीपटात आपली मुलगी क्षणभर दिसावी म्हणून रिळामागे धावतो. गोष्टी वेगळ्या, पण माणसं एकाच हट्टाची. तलवारबाजीच्या चित्रपटांतही तो एकच साचा गिरवत नाही: 'हीरो' रंगांत न्हालेला, तर 'शॅडो'तून (२०१८) त्याने रंग जवळजवळ काढूनच टाकले, शाईच्या चित्रासारखे. 'यलो अर्थ'चा (१९८४) छायालेखक होता तो, नजर तिथेच घडली.

आता 'हीरो' (२००२). मारेकरी राजापासून दहा पावलांवर पोचतो आणि सगळा देश एका छत्राखाली यावा म्हणून मागे फिरतो. झांगच्या हट्टी माणसांपैकी एकाने माघार घेतली, तीही राजासाठी. ज्याच्या 'टू लिव्ह'वर (१९९४) त्याच्याच देशात बंदी आली, त्यानेच हा शेवट रचला आणि पुढे २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळाही बसवला. या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही. लेखात मी हे ओझरतं लिहिलं, ती माझी चूक झाली.

पण म्हणून आधीचं सगळं संधिसाधूपणाच्या खात्यात टाकू नका. छिउ जूचा शेवट आठवा. बाळंतपणात अडली असताना त्याच प्रमुखाने धावाधाव करून तिला वाचवलेलं असतं. बाळ महिन्याचं झाल्याच्या मेजवानीला तो येईल म्हणून ती वाट पाहते, आणि पोलीस त्यालाच धरून नेतात. ती रस्त्याकडे धावत सुटते. गाडी गेलेली असते. तिने शिक्षा मागितलीच नव्हती. चित्र तिच्या चेहऱ्यावर गोठतं.

हा चेहरा ज्याने टिपला, त्याने 'हीरो' काढला, याचंच मला तुमच्याइतकं वाईट वाटतं.