तीन गोळ्यांचा कोर्स आणि कापराची पुरचुंडी

हवा बदलली की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: अंग मोडून आलं की लगेच अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घ्या, शेंबूड पिवळा झाला असेल तर मुळीच थांबू नका, कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो, वाफेने विषाणू मरतो, आवळा-लिंबू खा, सर्दी होणारच नाही, फ्लूची लस मात्र टाळा, तिनेच फ्लू होतो.

गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे जिवाणूंवरचं औषध. सर्दी आणि फ्लू होतात विषाणूंमुळे, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. मग ‘मला तर गुण आला बुवा’ म्हणणारे घरोघरी का भेटतात? मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढून अशी प्रतिजैविकं सरसकट देऊ नका, असं डॉक्टरांनाच बजावलं. ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, हेही त्यात होतं. म्हणजे कोर्स तीन दिवसांचा आणि तापाची मुदतही तीनच दिवसांची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ!

हेच औषध टायफॉइडसाठी लागतं. तिथले जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत, त्यामुळे हाताशी उरलेल्या मोजक्या गोळ्यांपैकी ही एक आहे, आणि ती आपण शिंकांवर उधळतोय. पट्टीवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये, यासाठीच ती छापलेली असते. पण ती ना काउंटरपलीकडचा बघतो, ना अलीकडचा.

पिवळ्या-हिरव्या शेंबडाचं म्हणाल, तर तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्याचा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो दिसतो. तेवढ्यावरून प्रतिजैविक सुरू करायचं कारण नाही.

पुरचुंडीचं प्रकरण २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फोफावलं. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा त्याने वाढत नाही. मोठ्यांनी हुंगली तर हुंगली, पण ती बाळाच्या गळ्यात बांधतात तेव्हा धडकी भरते. हाताला येईल ते तोंडात घालायचं वय ते. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

वाफेने बरं वाटतं, विषाणू मरत नाही. उकळत्या पातेल्याजवळ मूल बसवू नका, भाजल्याच्या घटना खऱ्या आहेत.

आवळा खा की, छानच लागतो! पण ‘क’ जीवनसत्त्व रोज घेऊनही सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये तिचा मुक्काम सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. नाक गळायला लागल्यावर सुरू केलं तर तेवढंही पदरात पडत नाही.

आता लस. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण राहते. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. त्या आधी कुणाला लागण झाली की बोल लशीला. शिवाय ती फक्त फ्लूची आहे, साध्या सर्दीचे विषाणू वेगळेच. आणि फ्लू हा काही निव्वळ थंडीतला पाहुणा नव्हे: २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. म्हणून आपल्याकडे लस पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी. विशेषतः घरातली वयस्कर माणसं, गरोदर बाई, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांनी.

याच मंडळींना फ्लू झाला तर डॉक्टर ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध देतात. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वाधिक लागू पडतं. मेसेज वाचून तीन गोळ्या संपेपर्यंत घरी थांबलेल्यांचे नेमके हेच तास वाया जातात.