कोसळलेला कडा यादीत कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचे आक्षेप तीन. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याची एकेक खूण निवडताना न्यू हॅम्पशायरला मी माउंट वॉशिंग्टन सोडून २००३ साली कोसळलेला कडा दिला. लिबर्टीचा पुतळा न्यू जर्सीच्या पाण्यात असूनही न्यूयॉर्कच्या पदरात टाकला. आणि इलिनॉयसाठी शिकागोची विलिस टॉवर ही गगनचुंबी इमारत डावलून तिथलीच ‘बीन’ (घेवड्याच्या दाण्यासारखं दिसणारं चकचकीत पोलादी शिल्प) घेतली ती तिचे शिल्पकार अनिश कपूर मुंबईत जन्मले म्हणून.

‘जे बघताच येत नाही ती कसली खूण?’ असं तुम्ही विचारता. पण पर्यटकाने काय बघावं याची ही यादीच नव्हे. स्वतःची ओळख सांगायची वेळ आली की राज्य कशाचं चित्र काढतं, हे मी बघत होतो. कॅनन पर्वताच्या त्या कड्यावर ग्रॅनाइटच्या पाच कंगोऱ्यांतून एका म्हाताऱ्याचा चेहरा बाजूने दिसायचा, सुमारे ४० फूट उंच. १९४५ पासून तो राज्याचं अधिकृत चिन्ह. भेगांत शिरलेलं पाणी गोठायचं, दगड हलायचे, म्हणून साखळ्या, सिमेंट आणि पोलादी सळया घालून त्याला कित्येक दशकं धरून ठेवलं होतं. ३ मे २००३ रोजी मध्यरात्रीनंतर तो ढासळला. लोकांनी तिथे फुलं वाहिली! आजही राज्याच्या महामार्गांच्या पाट्यांवर आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर तोच आहे. खाली तळ्याकाठी पोलादी खांब असे रोवलेत की नेमक्या जागी उभं राहून वर पाहिलं, तर त्यांच्या टोकांमुळे रिकाम्या कड्यावर चेहरा पुन्हा जुळतो. माउंट वॉशिंग्टन ६,२८८ फूट उंच, १९३४ साली तिथे ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेला, सगळं मान्य. पण त्याच्यासाठी कुणी असा खटाटोप केलेला नाही.

लिबर्टीचं उत्तर छोटं आहे. पाणी न्यू जर्सीचं, बेट न्यूयॉर्कचं, असं दोन्ही राज्यांनी १८३४ च्या करारातच ठरवून टाकलंय. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बराचसा भाग न्यू जर्सीला दिला तो शेजारच्या एलिस बेटाचा, भराव घालून वाढवलेला. तुमची गल्लत बहुधा तिथे झाली असावी.

राहता राहिली बीन. इलिनॉयच्या नंबरप्लेटवर लिंकन आहेत, पण माणूस म्हणजे स्थळ नव्हे, तेव्हा तिथे मलाच निवडावं लागलं. आपला-परका करायचंच असतं तर विलिस टॉवरही चालला असता की. त्याचे स्थापत्य अभियंता फझलूर रहमान खान ढाक्याचे. टॉवर लांबूनच बरा दिसतो. बीनपाशी मात्र जो तो जवळ जाऊन त्या पोलादात स्वतःचं वाकडंतिकडं तोंड बघतो, मागे अख्खं शहर असतं. मला ती जास्त शिकागोची वाटते.

नेवाडा आणि ॲरिझोना यांच्या ऐन सीमेवरचं हूव्हर धरण मी नेवाडाला दिलं, त्यावर मात्र तुम्ही भांडला नाहीत. ॲरिझोनाकडे ग्रँड कॅनियन असल्यावर कोण भांडणार म्हणा!